मनी म्हणजे घर

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मास्तरांना फसवलं. एका शब्दावर फसवलं. तो शब्द कागदावर मी माझ्या हातानं लिहिला होता, म्हणून फसवलेल्यांत माझंही नाव धरा.

हुबळीच्या दुर्गदबैलात माझं पत्र्याचं दुकान आहे. निपाणीहून आलो तेव्हा हातगाडीवर खिळे आणि कड्या विकत होतो. आज दुकान आहे, गोदाम आहे, दोन टेंपो आहेत. या बाजारात मला भावात कुणी हरवलेलं नाही. समोरचा माणूस पायरी चढत असतानाच तो कुठे थांबणार हे मला कळतं. डोकं लवकर तापतं, हेही खरं, पण तापलेल्या डोक्यानंही मी कधी चुकीचा आकडा बोललो नाही. असा मी, आणि माझ्या समोर, माझ्याच कागदावर, एका सुशिक्षित वकिलानं आम्हा दोघांना उल्लू बनवलं. गोष्ट मिटली आहे असं मंडळातले लोक म्हणतात. माझ्यापुरती ती मिटलेली नाही.

पण आधी मास्तर.

ते धारवाडचे. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेले. पहिल्यांदा दुकानात आले ते मागच्या पडवीवर घालायला पत्रे हवेत म्हणून. मी भाव सांगितला. त्यांनी तो ऐकलाच नाही. खिशातून एक चहाचा चमचा काढला आणि उभ्या करून ठेवलेल्या पत्र्यांवर एकेक टिचकी मारत चालले.

"हा नको. हा बसका आहे."

"मास्तर, पत्रा पाणी अडवायला घेतात."

"पाणी अडवणारा कुठेही मिळेल. तू पुढचा दाखव."

असे चाळीसेक पत्रे वाजवून त्यांनी सात निवडले. मग प्रत्येक पत्रा वेगळ्या लांबीचा कापून मागितला. कापला की पुन्हा टिचकी, पुन्हा अर्धा बोट कमी. माझा कातरवाला हमाल घामाघूम झाला. मी चिडून म्हटलं, "भावाचं काय ते आधी बोला."

"आधी सूर, मग भाव," ते म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे मला ते हजार वेळा ऐकावं लागलं. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, दवाखान्यातल्या डॉक्टरलासुद्धा ते हेच सांगायचे.

शेवटी भाव करायला बसले, तर तोही असा की माझी मती गुंग झाली. "हा गंधार सुरेख आहे, याचे जास्त घे. हा निषाद जरा उतरलाय, याचे कमी घे." एका पत्र्याला स्वतःच भाव चढवायचे, दुसऱ्याला पाडायचे, आणि सातांची बेरीज केली तर मी सुरुवातीला सांगितला तोच आकडा. मला इतका राग आला की सांगता येत नाही. माणसानं घासाघीस करावी, मी थोडं सोडावं, त्यानं थोडं चढावं, दोघांनी समाधानानं घरी जावं. यांनी मला जिंकूही दिलं नाही आणि हरूही दिलं नाही.

ते सात पत्रे त्यांनी पडवीवर सा रे ग म असे ओळीनं बसवले, प्रत्येकावर खडूनं अक्षर घालून. पावसाळ्यात एकदा मुद्दाम बोलावून खाली बसवलं. मी म्हटलं, "सातही एकदम वाजतात. नुसता गोंगाट आहे."

"तुझ्या बाजारात रोज असतो. तिथं बसतोसच की."

मास्तर माणसाला तोंडावरून ओळखत नसत, आवाजावरून ओळखत. धारवाडातल्या अर्ध्या मराठी बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. सुभाष रोडवर एकदा एकीनं मागून "नमस्कार सर" म्हटलं, तर मान न वळवता म्हणाले, "काय गं काळी एक, सासरी बरं आहे ना?" पेटीची काळी एक, म्हणजे तिचा सूर. पण ती मुलगी चांगली गोरीपान, आणि शेजारी तिची सासू उभी. सासूबाई संतापल्या, माझ्या सुनेला भर रस्त्यात काळी म्हणता म्हणून. मास्तरांनी त्यांचा संताप शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुम्ही पांढरी चार."

मी पांढरी पाच होतो. "पण फुटकी," असं ते लगेच पुढे जोडायचे.

शब्दांच्या अशा गमतीचा त्यांना नाद होता. आमच्या गावात तो कुणालाही लागावा. इथं प्रत्येकाच्या तोंडात दोन भाषा. वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. कन्नडमध्ये गाण्याला हाड म्हणतात. मास्तर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना सांगायचे, "बघ, कन्नड माणूस माझं गाणं ऐकून म्हणतो, हाड चांगलं आहे. मराठी माणूस तोच शब्द कुत्र्याला म्हणतो. आपण दोघांच्या मध्ये राहतो, तेव्हा सांभाळून गायचं."

मग तो पूर आला. कलघटगीच्या पलीकडे ओढ्याकाठी एक गाव आहे, तिथली बावीस मातीची घरं एका दिवसात बसली. आमच्या मराठी मंडळानं जुने कपडे आणि साड्या गोळा केल्या. टेंपो माझा. अध्यक्ष त्यांच्या गाडीतून आले, मास्तर माझ्या शेजारी पुढे बसले. ते का आले होते ते मी विचारलं नाही. कुठं काय वाजतंय हे बघायला ते कुठेही यायचे.

गावात एक बाई, गंगव्वा तिचं नाव, पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यावर बसली होती. अध्यक्षांनी साडी पुढे केली. फोटोवाला तयार होता. तिनं हात पुढे केला नाही.

"सीरी ब्याडरी," ती म्हणाली. साडी नको. "मनी बित्री. मनी. मनी."

आमच्याकडच्या कन्नडमध्ये घराला मनी म्हणतात. घर पडलं, एवढंच ती सांगत होती. अध्यक्ष तिला म्हणाले, "नोडोणव्वा." बघू, बाई. हे मी ऐकलं आहे. त्यांना तिचं म्हणणं कळलं होतं आणि त्यांनी तिच्याच भाषेत उत्तर दिलं होतं. वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

परत येताना मास्तर टेंपोच्या पुढच्या पत्र्यावर बोटानं ठेका धरून बसले. हुबळी जवळ आल्यावर म्हणाले, "तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा एकाच सुरात. रडणाऱ्या माणसाचा सूर हलतो. हिचा हलला नाही. म्हणजे ती रडत नव्हती, मागत होती."

आठ दिवसांत त्यांनी गाणं केलं. मराठी गाणं, धृपद एवढंच: मनी बांधू, मनी बांधू. मी म्हटलं, "म्हणजे मनात गाठ बांधायची?"

"तू मराठी माणूस, तू मनात बांध. कन्नड माणूस घर बांधेल. आणि इंग्रजी शाळेतल्या पोराला मनी म्हणजे पैसे वाटले तर त्यानं डब्यात टाकावेत. तिघांनाही एकच शब्द पुरतो. तिचा शब्द आहे, मी नुसती चाल लावली."

मंडळाला गाणं हवंच होतं. अध्यक्ष माझ्या दुकानात आले. गणपतीच्या मांडवांतून हे गाणं लावू, खाली मदतीचा डबा ठेवू, फोनवरून सगळीकडे पाठवू, त्यांनी सगळं भराभर सांगितलं. मास्तर "घेऊन जा" म्हणून मोकळे होणार होते. मी म्हटलं, थांबा. व्यवहार आहे, कागद करू. मास्तरांना मानधन नको होतं, नावही नको होतं. एकच अट होती.

"सगळं मनीला जायला पाहिजे," ते म्हणाले.

मी दुकानाचा छापील कागद घेतला आणि लिहिलं: या गाण्यातून जमेल तो सर्व निधी मनीसाठीच खर्च करावा. लिहिता लिहिता हात थांबला. "मास्तर, घर लिहू? कागद मराठी आहे."

"मनी लिही. तिनं घर म्हटलं नाही."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी कागद मोठ्यानं वाचला, हसले, म्हणाले, "हुबळीत मनी कुणाला कळत नाही?" आणि सही केली.

आजवर हजारो बिलं लिहिली मी. दीड इंच आणि पाऊण इंच यांत कधी गल्लत केली नाही. त्या दिवशी घर हे दोन अक्षरांचं काम मी केलं नाही, कारण एक हट्टी म्हातारा नको म्हणाला आणि एक वकील हसला.

गाणं मास्तरांच्या अकरा जुन्या विद्यार्थिनींनी म्हटलं. त्यांत ती काळी एकही होती, सासूबाईंची परवानगी काढून आलेली. गाणं काय उचललं लोकांनी. त्या गणपतीत दुर्गदबैलाच्या प्रत्येक बोळात ते लागलं होतं. माझे हमाल, ज्यांना मराठी शिव्यांपलीकडे येत नाही, गोणी उचलताना ते म्हणायचे. "मास्तर्र, हाड भाळ चोलो ऐत्री," गाणं फार छान आहे, असं एकानं सांगितलं तर मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, कुत्र्याला नाही म्हटलं त्यानं." डबे भरत होते. मी गोदामात पत्रे बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. पुरानंतर पत्र्याला भाव आला होता. दारात गिऱ्हाईक उभं होतं आणि मी त्याला नाही म्हणत होतो. माझ्या धंद्यात हे पहिल्यांदाच घडलं.

दिवाळी झाली, काही हालचाल नाही. मग एक छापील निमंत्रण आलं. मनोधैर्य संध्या. पूरग्रस्तांच्या मनाला उभारी देणारा सांस्कृतिक सोहळा.

मोठं सभागृह, झगमगाट, बाहेरगावाहून आणलेला गायक, समितीतल्या प्रत्येकाला शाल, नंतर पंचपक्वान्नांचं जेवण. ओढ्याकाठच्या लोकांना बसनं आणून शेवटच्या रांगांत बसवलं होतं. सगळं संपताना प्रत्येक कुटुंबाला एक भेट दिली. चौकटीत बसवलेला सुविचार, काच लावलेला, मराठीत. त्या गावात मराठी वाचणारं माणूस नाही.

गंगव्वा चौकट दोन्ही हातांत धरून मास्तरांजवळ आली. "मास्तर्र, इदन्न एल्लि हाकलिरी? ग्वाडीनं इल्लल्री."

हे लावू कुठे? भिंतच नाही.

मास्तरांनी चौकट उलटी करून पाठ वाजवली, सवयीनं. मी मात्र जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या अंगावर गेलो. काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यांनी मला मंडळाच्या बैठकीला या म्हणून सांगितलं.

बैठकीला ते शब्दकोश घेऊन आले होते. माझा कागद मध्ये ठेवला, त्यावर कोश.

"तुम्ही लिहिलंत ना हे? मनीसाठी. मनी म्हणजे मनामध्ये. कोशात बघा. आम्ही निधी लोकांच्या मनासाठी खर्च केला. अटीबाहेर एक पैसा गेलेला नाही."

"मनी म्हणजे घर हो," मी म्हटलं. "सही करताना तुम्हीच काय म्हणालात?"

"बोलण्यात काय काय येतं. कागद मराठी आहे, अर्थ मराठी धरायचा. तुम्हाला घर म्हणायचं होतं तर घर लिहायला कुणी अडवलं होतं?"

समोर समिती. सगळी माझ्या ओळखीची माणसं, माझ्याकडून पत्रे घेतलेली, प्रत्येकाच्या घरावर माझा पत्रा. कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. मी ओरडत होतो आणि जितका ओरडत होतो तितका खोटा ठरत होतो, हे मलाही कळत होतं.

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांच्या पत्नीचा असावा. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "हां, मुगीतु. मनीगे बर्तेनि."

झालं, घरी येतो.

खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. अध्यक्षांनी फोन खिशात ठेवला. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी मास्तरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार, आणि एका वाक्यात या कोशाचा कागद करणार.

मास्तर म्हणाले, "काळी दोन. पक्की लागली."

एवढंच. सूर सांगितला. मग अध्यक्ष त्यांच्यासाठी राखून ठेवलेली शाल घेऊन उठले, तेव्हा मास्तर दाराकडे निघाले होते. दारात थांबून म्हणाले, "शाल ठेवा. मी तुम्हाला गाणं दिलं होतं. तुम्ही हाड केलंत." कोणत्या भाषेतलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरही भडकलो. फोनवरचा शब्द तिथल्या तिथे पकडायला हवा होता, असं म्हटलं. ते म्हणाले, "त्यानं ऐकला नाही, तुम्ही सगळ्यांनी ऐकला. तुमच्यापैकी कोण बोललं?"

मीही त्या क्षणी मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. भावात न हरणारा माणूस.

आठवड्यानं त्यांचा निरोप आला: टेंपो आण, पाना आण. धारवाडला गेलो तर म्हातारा पडवीवर शिडी लावून उभा. "वरचे सातही काढ."

"मास्तर, हे तुमचे पत्रे आहेत. गोदामात माझे पडलेत."

"तुझे तुझ्याजवळ. माझं गाणं तिच्या शब्दावर गेलं. मला माझं फेडू दे."

आम्ही ते सात पत्रे घेऊन गावात गेलो. गंगव्वाच्या भावानं बांबूचा सांगाडा उभा केला होता. त्यानं हाताला येईल तो पत्रा आधी ठोकला. ध आधी, मग सा, मग नी, खडूची अक्षरं अजून दिसत होती. लांबीला कमीजास्त असल्यामुळे कडा दातरी झाली. मला राहवेना. मी म्हटलं, "मास्तर, क्रम चुकला."

"आत बघ. पाणी येईल का?"

मी आत जाऊन वर पाहिलं. "नाही. फट नाही."

"मग सुरात आहे," ते म्हणाले, आणि चमचा खिशातच राहू दिला.

त्या दिवशी मी माझ्या गोदामातून चार घरांचे पत्रे पाठवले, माझ्या खर्चानं. सगळ्या घरांचे का नाही, असं कुणी विचारेल. मी विचारणाऱ्याला सांगतो, मी बेकायदा काही ठेवून घेतलेलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांना विचारा. बावीसातली पाच घरं झाली. सतरा घरांवर अजून प्लास्टिकचा कागद आहे. त्यांचे पत्रे मी गोदामात आजही वेगळे ठेवले आहेत. मंडळानं आज मागितले तर खरेदीच्या भावानं देईन, आणि माझा खरेदीचा भाव आजवर माझ्या भावालाही माहीत नाही.

मास्तरांची पडवी पुढे उघडीच राहिली. पावसात तिथं छत्री घेऊन बसायचे. मी फुकट पत्रे घालून देतो म्हटलं तर म्हणाले, "फुकटाचा सूर मला ओळखू येत नाही." मागच्या थंडीत ते गेले. त्या अकराजणी आल्या होत्या. काळी एक रडत नव्हती. ती दुसऱ्या एकीला हळूच विचारत होती, आपल्याला आता त्या नावानं कोण हाक मारणार.

अध्यक्षांनी शोकसभा घेतली. मास्तरांनी समाजाला कसं अमर गाणं दिलं यावर ते बोलले, आणि गाणं लावलं. टेबलावर मदतीचा डबा होता. तो डबा अजून फिरतो आहे. यंदाच्या गणपतीत मी पुन्हा ऐकलं, माझ्या दुकानासमोरच्या मांडवात, मनी बांधू, मनी बांधू. एक कन्नड हमाल मजुरीतली नोट डब्यात टाकत होता. घर बांधायला टाकतोय, असं त्यानं मला सांगितलं. मी त्याला काय सांगायचं?

म्हणून हे लिहिलं आहे, आणि नाव न घेता लिहिलं असलं तरी ज्याला कळायचं त्याला कळेल. अध्यक्षसाहेब, कोश घरी ठेवून या. टेंपो माझा, पेट्रोल माझं. ओढ्याकाठी चला, गंगव्वासमोर आणि त्या सतरा घरांतल्या माणसांसमोर उभे राहा, आणि एवढंच सांगा, रोज संध्याकाळी मंडळातून उठल्यावर तुम्ही कुठे जाता? बायकोला फोनवर सांगता त्याच शब्दात सांगा. तिनं तो तुमच्यासमोर तीनदा म्हटला होता. तुम्ही एकदा म्हणा, आणि मग तो डबा तिथं उघडा.